अपडेटनंतर यूएसबी बंद? आधी जुना कर्नल वापरून पाहा

शिक्षक मित्रांनो, उद्या चाचणी, प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हमध्ये आणि उबंटू अपडेट झाल्यापासून माउस, पेनड्राइव्ह काहीच चालत नाही! आमच्या लॅबमध्ये असंच झालं होतं. घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका.

यूएसबीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. नवा कर्नल आला तरी उबंटू आधीचा सहसा ठेवतं. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल निवडा. इथे यूएसबी कीबोर्ड बहुधा चालतो, कारण कर्नल अजून सुरूच झालेला नसतो.

आता पोर्ट चालले, तर दोष नव्या कर्नलचा. पुढचं अपडेट येईपर्यंत जुन्यावरच काम करा. तरीही बंदच, तर बायोस सेटिंग आणि पोर्ट तपासा.

मुलांनाही हेच दाखवा: एका वेळी एकच गोष्ट बदलली, की कारण सापडतं.