देवगुराडियाची टेकडी आणि आमची होडी

समुद्राकाठच्या माणसाने इंदुरात जाऊन काय पाहावे, असा प्रश्न निघताना माझ्या पुतण्यानेच मला विचारला. प्रश्नात थट्टा होती, थोडा रागही होता. आम्ही वसईच्या किनाऱ्यावरचे. मी शाळामास्तर झालो तरी घरची होडी सुटली नाही. ती आता पुतण्या चालवितो. गेली दोन वर्षे घरात एकच वाद चालू आहे. चार दिवस समुद्रात काढून होडी परत येते आणि डिझेल, बर्फ व खलाशांची मजुरी भागविता भागविता हाती काही उरत नाही. यावर पुतण्याने उपाय काढला तो असा: जास्त ताकदीचे इंजिन बसवावे, लवकर जावे, लवकर यावे. कर्जाचे कागद तयार होते, केवळ माझी सही राहिली होती. 'इंदूरहून आल्यावर पाहू,' असे सांगून मी बोरिवलीला अवंतिका एक्स्प्रेसमध्ये चढलो. रामबागेत राहणाऱ्या एका जुन्या स्नेह्याचे आमंत्रण बरेच दिवस पडून होते.

पहाटे रतलाम मागे पडले आणि खिडकीबाहेर माळव्याची काळी जमीन दिसू लागली. उज्जैन, देवास करीत गाडी इंदूरला पोचली. होळकरांचे हे शहर मराठी माणसाला परके वाटत नाही. रामबागेच्या गल्लीत दारावरच्या पाट्या आपल्याच आडनावांच्या, आणि बोली मराठी असली तरी तिला हिंदीची गोड लकब आलेली. राजवाड्यासमोर मात्र मी बराच वेळ उभा राहिलो. त्याचे सात मजले. खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. जड ते तळाला आणि हलके ते वर, हा सुताराचा हिशेब आमच्या होडी बांधणाऱ्या मिस्त्रीलाही ठाऊक असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गाणे वाजले. कचऱ्याची गाडी आली होती. वहिनी एकामागून एक डबे घेऊन बाहेर गेल्या. भाजीची देठे, उष्टे आणि सालपटे एका डब्यात. कागद वेगळा, प्लॅस्टिक वेगळे, औषधांच्या बाटल्या वेगळ्या. गाडीलाही तसेच निरनिराळे कप्पे होते. शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा केला जातो. 2017 पासून देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूरचे नाव वर्षानुवर्षे पहिले येत राहिले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. मी वहिनींना विचारले, ''कंटाळा येत नाही का?'' त्या म्हणाल्या, ''भाऊ, पहिले दोन महिने आला. आता एकत्र टाकायचाच कंटाळा येतो.''

त्या डब्यातील देठांचे पुढे काय होते, ते पाहण्यासाठी आम्ही नेमावर रस्त्याने देवगुराडियाला गेलो. टेकडीवर महादेवाचे जुने देऊळ आहे. पायथ्याजवळ शहराचा उकिरडा होता. वर्षानुवर्षांचा तो ढीग उपसून, चाळून, सुमारे शंभर एकर जमीन मोकळी केली गेली आणि तेथेच ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा कारखाना उभा राहिला. 19 फेब्रुवारी 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे, आणि त्यातून सुमारे 17,000 किलो वायू व 100 टन खत निघावे अशी योजना आहे.

आमच्या वाडीतल्या गोबरगॅसची टाकी ज्याने पाहिली असेल त्याला येथील कृती चटकन समजेल. कचरा बारीक करून त्याचा रबडा करतात आणि तो बंद टाक्यांत ठेवतात. तेथे हवा नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू तो खाऊन वायू सोडतात. त्या वायूत निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. दुसरा काढून टाकला, पहिला दाबून भरला की गाडीचे इंधन तयार होते. शहराच्या बसगाड्या त्यावर चालाव्यात हाच या खटाटोपाचा हेतू.

आता कोणी म्हणेल की हा वायू जळला तरी धूर निघणारच. निघतोच. पण भाजीच्या देठातला कार्बन त्या रोपाने गेल्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. तो हवेत परत गेल्याने नवी भर पडत नाही. डिझेल मात्र लाखो वर्षे जमिनीखाली गाडलेले. त्याचे एक लिटर जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत नव्याने जमा होतो. शिवाय तोच कचरा उकिरड्यावर कुजला असता तर मिथेन मोकाट सुटला असता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहता पृथ्वी तापविण्यात मिथेन वजनावारी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट भारी आहे. अर्थात टाकीला किंवा नळीला गळती असेल तर यातले बरेच पुण्य वाया जाते.

मला स्वतःला त्या टाक्यांहून वहिनींचे डबे अधिक महत्त्वाचे वाटले. डब्यात प्लॅस्टिक मिसळले असते तर कोट्यवधींची यंत्रेही हताश झाली असती. काम स्वयंपाकघरात, फुकटात, अगोदर झालेले होते.

परत येताना बसमध्ये बसलो आणि चौकाचौकांत अडकत राहिलो. 2013 मध्ये या शहराने बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मधोमध साडेअकरा किलोमीटरच्या आसपास राखीव वाट केली होती. 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती मोडण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी 31 मे रोजी मेट्रो सुरू झाली, पण पहिला टप्पा सहा किलोमीटरचाच. राखीव वाटेमुळे इतर वाहनांची कोंडी होते अशी तक्रार होती, हे खरे. तरीही ती गेल्याचे मला वाईट वाटले. पन्नास माणसांची बस एकट्यादुकट्याच्या मोटारींमागे उभी राहून जो वायू जाळते, तो कितीही स्वच्छ असला तरी फुकटच जातो.

''तुमच्या होड्याही या वायूवर का चालवीत नाहीत?'' स्नेह्यांनी विचारले. काशीला गंगेवरच्या नावांना असा वायू दिला आहे खरा. पण ती नाव संध्याकाळी आपल्या घाटावर परत येते. आमची चार दिवस बाहेर. वायूच्या जड टाक्या ठेवायच्या तर बर्फ आणि मासळी कोठे ठेवायची? आणि बंदरावर तो भरून देणार कोण? मी एवढे बोललो आणि गप्प झालो, कारण मनात वहिनींचे डबे होते. आमच्या होडीतले, इंधन बदलण्यापूर्वीचे, फुकटातले काम कोणते?

उत्तर स्नेह्यांच्या मुलाकडून आले. तो पीथमपूरला मोटारींच्या कारखान्यात आहे. त्या गावी मोटारींच्या परीक्षेसाठी 11.3 किलोमीटरचा गोल रस्ता 2021 मध्ये खुला झाला. मुलगा म्हणाला, ''काका, वेग वाढला की हवा गाडीला मागे रेटते, आणि हे रेटणे वेगाच्या वर्गाने वाढते. पाणी तर हवेहून कितीतरी जड.'' शाळामास्तराला एवढे पुरे. परतीच्या गाडीत मी तिकिटाच्या मागे आकडे मांडले. 56 सागरी मैलांचा पल्ला धरा. ताशी 8 मैलांनी सात तास लागतात. 7 मैलांनी गेलो तर एक तास जास्त, पण डिझेल जवळजवळ एक चतुर्थांश कमी. नव्या इंजिनाने 9 मैलांनी गेलो तर पाऊण तास वाचतो, आणि डिझेल चतुर्थांशाहून अधिक जास्त जळते. हा झाला ठोकताळा. बुडाला शंखशिंपले चिकटले असतील किंवा होडी जड असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

हा विचार काही माझ्याच डोक्यातला नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आखलेली 'सागर हरिता' ही मासेमारीची नौका गोवा शिपयार्डने बांधली आणि ती 2016 मध्ये पाण्यात उतरली. लांबी 19.75 मीटर. तिचे बूड पाणी सहज कापील अशा आकाराचे केले, वरची केबिन वजन घटावे म्हणून फायबरची केली, दिव्यांसाठी सूर्याची वीज घेतली. आणि एवढे केल्यावर तेवढ्याच आकाराच्या इतर नौकांहून सुमारे 20 टक्के कमी ताकदीचे, 400 अश्वशक्तीचे इंजिन तिला पुरले. मोठे इंजिन हवे की नको, हा प्रश्न त्यांनी इंजिनाच्या दुकानात सोडविला नाही. बुडापासून सुरुवात केली.

घरी आलो तेव्हा ओहोटी होती. होडी वाळूवर कलती पडलेली आणि पुतण्या तिच्या सावलीत जाळे सांधीत बसलेला. मी तिकीट त्याच्यापुढे धरले. त्याने ते दोनदा वाचले.

''काका, पहिल्या होडीच्या मासळीला लिलावात जो भाव मिळतो, तो या गणितात कुठे आहे?''

तो नव्हता, हे मला कबूल करावे लागले. बराच वेळ आम्ही दोघे बसून राहिलो. मग ठरले ते असे: जाताना सातने जायचे, कारण जाताना कोणी भाव देत नाही, येताना नेहमीच्या वेगाने यायचे. प्रत्येक फेरीचे तास आणि लिटर माझ्या जुन्या हजेरीपटात लिहायचे. आणि कर्जाचा विषय पावसाळी बंदी उठेपर्यंत काढायचा नाही.

एवढे बोलून तो उठला, पंख्यापाशी वाकला आणि बुडाला चिकटलेले शंख खरवडू लागला. दुसरी खरवणी मी शोधून आणली.