काट्याला न कळणारी उंची

पासष्टी भरली, एअरलाइनचं उडणं थांबलं आणि मी फ्लाइंग स्कूलच्या वर्गात फळ्यापुढे उभा राहिलो. तिथं विदर्भातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, लेहला तापमान तीसवर गेलं की डेन्सिटी अल्टिट्यूड पंधरा हजारांच्या घरात जाते. मग अल्टिमीटर धावपट्टीची उंची, 10,682 फूटच का दाखवतो?"

उत्तर सोपं आहे. अल्टिमीटर दाब मोजतो, घनता नाही. धावपट्टीवरची हवा तापून विरळ झाली तरी वरच्या हवेचा भार तेवढाच राहतो. पण तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. पंख आणि इंजिन दोन्ही जिच्यावर चालतात, ती घनता दाखवणारं घड्याळच आपल्यापुढे नसतं. दाब घ्या, तापमान घ्या, हिशेब करा. त्यातून निघते ती डेन्सिटी अल्टिट्यूड: एवढी विरळ हवा एरवी ज्या उंचीवर सापडते, ती उंची.

एअरस्पीडचा काटा तर आणखी चकवतो. तो हवेचा मारा मोजतो, म्हणून लेहलाही अप्रोचला 130 नॉटच दाखवणार. पण त्या तापलेल्या, विरळ हवेत तेवढाच मारा मिळवायला, वारा नसेल तर, जमिनीवरून विमान धावतं 160 च्या वर. धावपट्टी अंगावर येते, हात पॉवर कमी करायला शिवशिवतो. अशा वेळी काट्यावर विश्वास ठेवायचा, डोळ्यांवर नाही. आणि टेकल्यावर ब्रेकना गिळावी लागणारी ऊर्जा समुद्रसपाटीच्या दीडपटीहून जास्त.

माझ्याबद्दल सहकारी म्हणायचे, यांना हवा हाताला कळते. मी कधी खोडून काढलं नाही, ऐकायला गोड वाटायचं. हाताला काही कळत नसतं. विमान रेंगाळतंय हे जाणवतं तोवर निम्मी धावपट्टी मागे पडलेली असते.

कोचिंगवाले 'त्या उंचीच्या प्रमाण तापमानावरच्या एका डिग्रीला 120 फूट' घोकून घेतात. सूत्र बरोबर आहे, पोरं पासही होतात. पण मे महिन्यात 44 अंशांना हजार फुटांवरचं नागपूर विमानाच्या लेखी पावणेपाच हजारांवर असतं, हे त्यातल्या कितींच्या डोक्यात शिरतं? दमट हवा जड असते असं तर अजून निम्मा वर्ग छातीठोकपणे सांगतो. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, हे शाळेतलं रसायनशास्त्र कुणाला आठवत नाही.

दुपारचं ऊन आणि वारा टाळायला लेहची विमानं बहुतेक सकाळीच जातात. 2024 च्या जुलैअखेरीस तिथली उड्डाणं उष्णतेपायी रद्द झाली होती. आकाश निरभ्र असताना तुमचं विमान असं रद्द झालं, तर काउंटरवरच्या पोरांशी भांडू नका. त्या हवेत तेवढं वजन उचलायला ती धावपट्टी पुरणार नव्हती, एवढंच.