राहिलेला द्रुत

गेल्या एप्रिलात अप्पांचा अ‍ॅम्प्लिफायर भंगारवाल्याला दिला. त्यानं तो उलटा केला आणि जाळीतून काळवंडलेल्या व्हार्निशचा, जळक्या धुळीचा वास आला. ट्रान्सफॉर्मर त्यानं वेगळा तोलला. तांब्याला भाव होता, बाकीच्या पत्र्याला नव्हता. तो वास दिवसभर नाकातून गेला नाही.

अप्पा, माझे वडील, यंत्रमागावर जॉबर होते. अ‍ॅम्प त्यांनी ओळखीच्या कारागिराकडून जोडून घेतलेला; आत 4440 आयसी, मागे हीट सिंक. आकाशवाणीवरून भरून घेतलेली भीमसेन जोशींच्या शुद्ध कल्याणची 60 मिनिटांची कॅसेट होती. पहिल्या बाजूला विलंबित संपायचा, दुसऱ्या बाजूला द्रुत. मे महिन्यात, सोलापूरचा पारा 43च्या पुढे गेलेला असताना, बाजू बदलण्याआधी अप्पा हाताची पालथी बाजू हीट सिंकला लावायचे. “तापलंय की रे. राहू दे जरा.” हीट सिंक निवेपर्यंत रातपाळीची वेळ व्हायची, नाहीतर लाइट जायचे. उन्हाळ्यात आमच्या घरी कल्याण विलंबितातच थांबायचा.

तापण्यात त्या अ‍ॅम्पचा दोष नव्हता. त्या मांडणीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहूनच काम करतो आणि अडलेल्या विजेची उष्णता होते. कागदावरच्या गणितातही 78.5 टक्क्यांच्या वर मजल जात नाही. घरातल्या हलक्या आवाजात तर फारच खाली. क्लास डी नावाच्या दुसऱ्या मांडणीत ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो किंवा पूर्ण मिटतो. माझ्या टेबलावरच्या टीपीए 3116 चिपमध्ये हे सेकंदाला सुमारे 4 लाख वेळा घडतं. उघडा किती वेळ, बंद किती वेळ, एवढ्यावर सूर ठरतो. पुढे कॉइल आणि कपॅसिटर ते तुकडे गाळून सलग करतात. 90 टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते.

अप्पांना हे लगेच पटलं असतं. सोलापुरी चादरीवरचा मयूरपंख जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवरून येतो: भोक असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर नाही. जवळून बघाल तर नुसतं आहे-नाही. हातभर लांबून मोर.

फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डचा माग 1804चा. क्लास डीचा अ‍ॅम्प घरी जोडायच्या संचाच्या रूपात ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरनं 1964 साली एक्स-10 नावानं विकायला काढला. 10 वॅट म्हणून विकला. तेवढे निघत नसत, कारण तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतक्या झपाट्यानं उघडमीट करू शकत नव्हते. कल्पना बरोबर होती, हत्यार कच्चं होतं. चपळ मॉसफेट आले तेव्हा कुठे ती घरात शिरण्याजोगी झाली.

अप्पांच्या अ‍ॅम्पमध्ये तानपुऱ्याखाली ट्रान्सफॉर्मरची घूं कायम असे. लहानपणी मला ती तानपुऱ्याचीच वाटायची. माझ्या टेबलावरच्या चिपवर ती नाही. जवारी स्वच्छ उमटते, एकेक तार सुटी ऐकू येते, डग्ग्याची घुमक आटोपशीर राहते. तबल्याच्या चाटीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. स्वस्त बोर्डावर ती कोरडी, टोकदार लागते, कारण शेवटच्या फिल्टरचा वरच्या पट्टीतला स्वभाव स्पीकरप्रमाणे बदलतो. ब्रुनो पुत्झेस यांनी फिलिप्समध्ये असताना केलेल्या मांडणीत फिल्टरनंतरचा आवाज परत तपासून सुधारला जातो. तशा अ‍ॅम्पवर चाट जागेवर बसते.

माझा राग वेगळाच आहे. कमी तापतो म्हणून क्लास डी वजनाला हलका, आणि हाच हलकेपणा मिरवणुकीतल्या डॉल्बीवाल्यांच्या हाती लागला. हजारो वॅटचे अ‍ॅम्प दोन हातांत उचलता येतात, म्हणून स्पीकरच्या भिंतीच्या भिंती ट्रॅक्टरवर चढतात. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या गल्लीतून मिरवणूक जाते तेव्हा मांडणीवरची भांडी वाजतात आणि आई कानात कापूस घालून देवघरात बसते. ज्या तंत्रानं तानपुऱ्यामागची शांतता दिली, त्याच तंत्रानं म्हाताऱ्या माणसांचा असा छळ करावा, हे मी माफ करणार नाही.

आई रात्री माझ्याबरोबर ऐकायला बसते. लाइट गेले तरी आता गाणं थांबत नाही. इन्व्हर्टरवर हा अ‍ॅम्प काही वॅटच घेतो. मे महिन्यात, कॅसेटवरून उतरवून घेतलेला तो कल्याण लावला. विलंबित संपला आणि कुणी न उठता द्रुत सुरू झाला. आई म्हणाली, “हे कुठलं? आपल्याकडं नव्हतं हे.”

होतं. हिवाळ्यात द्रुतही वाजायचा. पण त्या वेळी ती स्वयंपाकघरात अप्पांचा रातपाळीचा डबा भरत असायची. भाकरी थापण्याच्या आवाजात तिच्यापर्यंत काय पोचत असेल, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. त्या रात्री तिनं तो शेवटपर्यंत ऐकला आणि परत लावायला सांगितला.

तुम्ही असा अ‍ॅम्प घ्यायला गेलात तर दुकानदार आवाज वाढवून दाखवेल. त्याला तो कमी करायला सांगा. आधी नुसता तानपुरा ऐका, मग तबल्याची चाट. आणि जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या.