खणातली तपकिरी पाकिटं



गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. इचलकरंजीची, लग्न होऊन दीड वर्षापूर्वी इंग्लंडला आलेली. आमची ओळख लेस्टरच्या जैन मंदिरात झाली. ज्वारीचं पीठ कुठं मिळतं इथून बोलणं सुरू झालं आणि मध्येच आवाज खाली आणून ती म्हणाली, "काकू, काउन्सिलचं एक पत्र आलंय. यांना दाखवलं नाही अजून. नंतर बघू म्हणून ठेवलंय."

"कुठं ठेवलंयस?"

"कपाटात. साड्यांच्या खाली."

मी म्हटलं, "आधी ते काढ, उघड आणि मला वाचून दाखव. पिठाचं नंतर बोलू."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण माझीही पाकिटं अशीच एका खणात होती. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. माहेरी तर अजूनही माहीत नाही. आता इथं लिहिलं की आईच्या कानावर जाईल. जाऊ दे.

तुमच्यापैकी ज्या गावाकडे आहेत त्यांच्यासाठी आधी सांगते. काउन्सिल टॅक्स म्हणजे साधारण आपली घरपट्टी. फरक एवढाच की इथं तो सहसा घरमालक नाही, घरात राहणारा भरतो. भाड्याच्या घरातलेसुद्धा. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर दोघंही जबाबदार. कचरा उचलणं, रस्त्यावरचे दिवे, पोलीस, अग्निशमन या सगळ्याला त्यातून पैसे जातात. वर्षाचं बिल एप्रिलमध्ये सुरू होतं आणि बहुतेक जण ते दहा हप्त्यांत भरतात.

२०१९ साली आमचं बिल वर्षाला १६०० पौंड होतं, म्हणजे महिना १६०. एप्रिल, मे, जूनचे हप्ते गेले. जुलैत यांची कंपनी बंद पडली. हे एजन्सीमार्फत गोदामात रात्रपाळीला जाऊ लागले, तेही आठवड्यातून दोन-तीन दिवस. घरभाडं, वीज, लेकीचे शाळेचे बूट. आमच्या घरात टपाल आणि बिलं मी बघते. जुलैचा हप्ता बँकेतून परत गेला आणि मी मनाशी म्हटलं, पुढच्या महिन्यात दोन्ही भरू.

यांना सांगितलं नाही. माणूस आधीच खचलेला. पहाटे घरी यायचे आणि बूट न काढताच सोफ्यावर बसून राहायचे. त्यांना अजून एक ओझं कशाला, असं वाटलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं कारण लाज होतं.

पहिलं पत्र आठवण करून देणारं होतं, सात दिवसांत भरा म्हणून. ते मी उघडलं होतं. त्यानंतरचं नाही. त्यात लिहिलं होतं की तुमची हप्त्यांची सोय आता गेली, वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम भरा. ११२० पौंड. हे मला नोव्हेंबरात कळलं, कारण पाकीट खणात होतं. चहाची गाळणी, रबरबँड आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या खाली.

तिसरं पाकीट आलं ते दशलक्षण पर्वात. ते कोर्टाचं समन्स होतं. त्या दिवशी माझं एकाशन होतं आणि संध्याकाळी मोबाइलवर उत्तम आर्जव धर्मावरचं प्रवचन ऐकत होते. मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करण्यात तिसरं असं नसणं म्हणजे आर्जव. मी मान डोलवत होते आणि दोन हातांवर तो खण होता.

मी कोर्टात गेले नाही. न गेलं तरी निकाल लागतोच. मॅजिस्ट्रेट लायबिलिटी ऑर्डर देतात, म्हणजे तुम्ही हे पैसे देणं लागता असा हुकूम. कोर्टखर्चाचे ९५ पौंड वाढले. मग काउन्सिलने वसुली बेलिफांच्या कंपनीकडे दिली. तिथं ७५ पौंड वाढले. कायद्यात त्यांचं नाव आता एन्फोर्समेंट एजंट असं आहे, पण लोक बेलिफच म्हणतात. आपल्याकडेही हाच शब्द. लहानपणी आमच्या गल्लीत एका घरावर बेलिफ जप्ती घेऊन आला होता. त्या घरातली मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत आली नव्हती. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

बेलिफांचं पत्र मात्र उघडलं, कारण पाकिटावरचा रंगच वेगळा होता. त्या रात्री मी आईच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवल्या. एवढंच सुचलं. पैसे कसे फेडायचे हे नाही, पाटल्या कुठं लपवायच्या हे.

नोव्हेंबरच्या शेवटी इथं चारच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. त्यामुळे लेक शाळेतून आली की लगेच आमचं जेवण. त्या दिवशी हे आत झोपले होते, रात्रपाळी होती. मी तव्यावर चपात्या टाकत होते, लेक पहिला घास घेत होती आणि दार वाजलं. पडद्याच्या फटीतून पाहिलं. जाड जाकीट, छातीवर छोटा कॅमेरा, हातात कागद.

मी गॅस बंद केला आणि लेकीला हळूच म्हटलं, "जा, दार उघडू नकोस. आतूनच सांग, आई-बाबा घरात नाहीत."

ती नऊ वर्षांची होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तू आहेस ना?"

"सांग म्हणते ना तेवढं."

तिने सांगितलं. त्या माणसाने तिला वय विचारलं आणि एवढंच म्हणाला, मोठं कुणी आलं की हे पत्र दे. आवाज चढवला नाही, दारावर लाथ मारली नाही. टपालाच्या फटीतून पाकीट आत सरकवलं आणि गेला. लेक परत येऊन ताटावर बसली, पण जेवली नाही. अंधार पडला. ताट तसंच राहिलं. ती मला काही म्हणाली नाही. पाठशाळेत सत्याणुव्रत शिकलेली मुलगी, तिला काय विचारायचं ते सुचत नसावं आणि मला काय सांगायचं ते.

मैत्रिणींनो, रोज आलोचना पाठ म्हणताना मी नकळत मेलेल्या सूक्ष्म जीवांसाठी क्षमा मागते. आणि इथं जाणूनबुजून, स्वतःच्या पोटच्या पोरीच्या तोंडून खोटं वदवलं होतं.

त्या संध्याकाळी हे उठल्यावर मी खणच काढून टेबलावर उपडा केला. हे बराच वेळ गप्प होते. मी ओरडा खायच्या तयारीत होते. पण ते म्हणाले, "मला एवढं परकं का केलंस?" ते ओरड्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गल्लीतल्या मासींकडे गेले. मासी गुजराती, १९७२ साली युगांडातून दोन बॅगा घेऊन आलेल्या. त्यांनी चष्मा लावला, सगळी पाकिटं उघडली, तारखेप्रमाणे लावली आणि म्हणाल्या, "कागळ छे, वाघ नथी." मग सांगितलं की १९९० साली पोल टॅक्स आला तेव्हा त्यांनाही कोर्टाची पत्रं आली होती. हे मला पंधरा मिनिटांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. मंदिरात पहिल्या रांगेत बसणाऱ्या मासी!

त्याच मला सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ऑफिसात घेऊन गेल्या. तिथं सल्ला फुकट मिळतो. समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला भरायचं नव्हतं, की भरता येत नव्हतं?" मी म्हटलं, भरता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, कायद्यात हा फरक फार मोठा आहे. इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्ससाठी तुरुंगाची तरतूद अजून आहे, पण ती मुद्दाम न भरणाऱ्यांसाठी किंवा अक्षम्य हलगर्जी करणाऱ्यांसाठी, आणि त्याआधी कोर्टाला तुमची ऐपत तपासावी लागते.

मला एकदम तत्त्वार्थसूत्र आठवलं. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे. तो समजावताना पंडितजी कर चुकवण्याचं उदाहरण देतात. इतके महिने मला वाटत होतं की आपण त्यातच मोडतो, आपण चोर झालो. पण कर्मबंध भावावर असतो असं आपण शिकतो, आणि इथला कायदाही भाव विचारत होता. ऐपत नसणं हा दोष नव्हता. दडवणं हा होता.

मग हिशोब मांडला. मूळ ११२०, कोर्टाचे ९५, बेलिफांच्या पहिल्या पत्राचे ७५ आणि तो दाराशी येऊन गेला त्याचे २३५. एकूण १५२५ पौंड. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ झाकून ठेवण्याची किंमत ४०५ पौंड झाली. शिवाय त्या बाईंनी सांगितलं की उत्पन्न घटलं तेव्हाच काउन्सिलकडे सवलतीचा अर्ज केला असता तर बिलच कमी होऊ शकलं असतं. तो अर्ज आम्ही त्या दिवशी केला. आधीच्या महिन्यांचं काही मिळालं नाही, पुढचं मिळालं.

घरखर्चाचा कागद त्यांनीच करून दिला. पीठ, भाजी, बसचे पैसे, सगळं. तो बेलिफांच्या कंपनीला पाठवला. पहिल्यांदा त्यांनी जास्त मागितलं. पुन्हा तोच कागद पाठवला. शेवटी महिना १२५ पौंडांचे अकरा हप्ते आणि शेवटचा १५० चा असं लेखी ठरलं. मी लेकीच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम धरलं. जेवण वाढायचं नव्हतं, त्यामुळे मनाला टोचणी नव्हती. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर शेवटचा हप्ता गेला.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमची मुलगी-सून इथं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. हे इंग्लंडचं सांगते, स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

पाकीट आल्या दिवशी उघडा. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी काउन्सिलला फोन करा. दहाऐवजी बारा हप्ते मागता येतात.

घरात एकच मोठी व्यक्ती असेल तर बिलात पंचवीस टक्के सूट असते. पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना मोजत नाहीत. न मागता ही सूट मिळत नाही.

बेलिफ येण्याआधी नोटीस द्यावी लागते, किमान सात दिवसांची. ती नोटीस हातात असतानाच हप्ते ठरवले तर दाराशी येण्याचा खर्च वाचतो. मी सांगितलेले आकडे २०१९ चे आहेत, आताचे पत्रावर बघा.

ते सकाळी सहा ते रात्री नऊ या वेळेत येऊ शकतात. काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आले तर दार तोडून आत येता येत नाही. पण दार नुसतं लोटलेलं असेल तर येता येतं. तेव्हा कुलूप लावा. ओळखपत्र खिडकीतून किंवा टपालाच्या फटीतून दाखवायला सांगा आणि बोलणं दाराआडून करा. एकदा आत घेऊन वस्तूंच्या यादीवर सही केली आणि हप्ते चुकले, तर पुढच्या वेळी त्यांना जबरदस्तीने येता येतं.

घरात फक्त सोळा वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना आत येता येत नाही. शेगडी, फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन, अंथरूण-पांघरूण अशा रोजच्या गरजेच्या वस्तू नेता येत नाहीत. दाराबाहेरची गाडी मात्र अडकवता येते.

आणि मे २०२१ पासून ब्रीदिंग स्पेस नावाची सोय झाली आहे. कर्जाचा सल्ला देणाऱ्यांमार्फत अर्ज केला तर साठ दिवस वसुली थांबते. तेवढ्यात मार्ग काढता येतो.

सगळ्यात आधी मात्र घरात सांगा.

तांदळाच्या डब्यातून पाटल्या काढल्या त्या दिवशी लेक शेजारी उभी होती. तिने विचारलं, या इथं कशा? मी सगळं सांगितलं. तिला खोटं बोलायला लावलं त्याबद्दल हात जोडून उत्तम क्षमा म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटलं माझंच चुकलं." तीन आठवडे ते पोर मनात घेऊन फिरत होतं.

तेव्हापासून आमच्या घरी टपाल टेबलावर सगळ्यांसमोर उघडतं. खणात आता फक्त गाळणी आणि मेणबत्त्या आहेत.

इचलकरंजीच्या त्या मुलीने फोनवरच पाकीट फोडलं. पहिलीच आठवण होती, हातात अजून चार दिवस होते. रात्री तिचा मेसेज आला, यांना सांगितलं, उद्या दोघं मिळून फोन करतो. आणि काकू, ज्वारीचं पीठ कुठं मिळतं ते राहिलंच.

जय जिनेंद्र.