त्याचा रंग कुठला?

गेल्या मे महिन्यातली दुपार. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात नातू पालथा पडून चित्र रंगवत होता. समोर शेजारच्यांची मुलगी, त्याच्याच वयाची. दोघांत तेलखडूंचा एकच डबा. मुलानं झेरॉक्सच्या दुकानातून नुसत्या रेषांची पंधरा-वीस चित्रं छापून आणली होती. सुटीत पोरं घरात शांत बसावीत एवढाच हेतू. पानावर एक अजब प्राणी होता. वटवाघळासारखे पंख, लांबलचक दातेरी चोच आणि डोक्यामागे कोयत्यासारखा तुरा.

“आजोबा, ह्याचा रंग कुठला?”

बत्तीस वर्षं मी मराठी शाळेत चित्रकला शिकवली. पान हिरवं, आभाळ निळं, खोड तपकिरी. अशा प्रश्नाला उत्तर द्यायला मला कधी विचार करावा लागला नव्हता. चष्मा लावून चित्राकडे पाहिलं आणि मी गप्प झालो.

“हे हारुव हल्ली,” शेजारीण म्हणाली.

“हल्ली म्हणजे?” नातू गोंधळला. आमच्या घरात हल्ली म्हणजे आजकाल. तिच्या घरात हल्ली म्हणजे पाल. उडणारी पाल! कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झालेला प्राणी, आणि त्याला म्हणायचं हल्ली. मला हसू आलं. आमच्या गल्लीत असे घोटाळे रोजचेच, पण इतका जुना घोटाळा पहिलाच.

मास्तरकीची खोड जात नाही. त्या रात्री मुलाच्या फोनवर आणि मग वाचनालयात बसून मी त्या प्राण्याची माहिती काढली. त्याचं कूळ टेरोसॉर. तो पक्षी नव्हे आणि डायनोसॉरही नव्हे, डायनोसॉरांचा चुलतभाऊ. पालीपेक्षा मगरीला जवळचा. वटवाघळाचा पंख चार बोटांवर ताणलेला असतो. ह्याचा सगळा पसारा एका बोटावर, आपल्या करंगळीशेजारच्या बोटावर. ते बोट हातभर काय, काहींचं पुरुषभर लांब. आकाशकंदिलाला कामट्या बांधणाऱ्याला विचारा, एका कामटीवर कागद ताणून धरणं काय असतं ते!

आणि चुका तरी किती. १७८४ साली कोलिनी नावाच्या विद्वानानं जर्मनीतल्या चुनखडीत सापडलेला असा सांगाडा पहिल्यांदा वर्णन केला, तेव्हा त्याला वाटलं, हा समुद्रातला प्राणी असावा. ते लांब बोट उडण्यासाठी आहे हे क्युव्हिएनं ओळखलं १८०१ मध्ये. नातवाच्या पानावरचा प्राणी टेरानोडॉन. त्याची हाडं १८७० मध्ये अमेरिकेत कॅन्ससच्या खडूच्या खडकांत मार्श यांना मिळाली. सोबत एक दात होता, तोही त्यांनी त्याच्याच नावावर मांडला. पुढे कवटी हाती आली तर तोंडात एकही दात नाही! तो दात माशाचा होता. १८७६ मध्ये नाव ठेवलं तेच मुळी ‘पंख आहेत, दात नाहीत’ अशा अर्थाचं. तरी आमच्या झेरॉक्सवाल्याच्या चित्रात चोचभर दात होतेच. आपल्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंच्याकडे ज्या कोटा नावाच्या खडकांचा पसारा आहे, त्यांतल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून १९७४ साली जैन यांनी भारतातल्या टेरोसॉरची नोंद केली. तोही कदाचित मासाच असेल, अशी शंका पुढे घेतली गेली. हे मासे काही पाठ सोडत नाहीत.

पण रंग? ब्राझीलमधल्या एका टेरोसॉरच्या तुऱ्याजवळ पिसांचे ठसे मिळाले, आणि त्यांत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण. निरनिराळ्या पिसांत कणांचे आकार निरनिराळे. म्हणजे तुरा एकरंगी नसावा, दुसऱ्याच्या नजरेत भरावा असा असावा. हे छापून आलं २०२२ मध्ये. एवढंच. टेरानोडॉनचा रंग जगात कुणालाही ठाऊक नाही.

हे वाचलं आणि मला ती म्हैस आठवली.

१९८४-८५ ची गोष्ट असेल. सातवीच्या वर्गात ‘आमचे गाव’ असा विषय दिला होता. जवळच्या खेड्यातून चालत येणाऱ्या एका गवळ्याच्या पोरानं तळ्यातून वर येणारी म्हैस काढली. रेषा अशी की मला जमली नसती. आणि म्हैस रंगवली जांभळी. मी तांबड्या शाईनं तिच्या अंगावरून फुली मारली, वर ‘म्हैस काळी असते’ असं लिहिलं, आणि वर्गाला ते पान उंच धरून दाखवलं. वर्ग पोट धरून हसला. तो हसला नाही, रडलाही नाही. पुढे वर्षभर त्यानं मी फळ्यावर काढीन ते हुबेहूब उतरवून दिलं. मी त्याला चांगले गुण दिले.

पुढे एका संध्याकाळी, पाऊस उघडल्यावर, तळ्याकाठून सायकलनं येताना मी ओली म्हैस पाहिली. सायकलवरून उतरून पाहिली. काय सांगायचं!

काही वर्षांपूर्वी तो बसमध्ये भेटला. उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डिंगचं काम करतो. भर गर्दीत वाकून नमस्कार केला, जागा दिली, धाकटीच्या लग्नाचं सांगितलं. म्हशीबद्दल विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्याचा स्टॉप आला.

दुसऱ्या दिवशी सोप्यात पुन्हा पसारा मांडला गेला. मी खोडरबर घेऊन दात तेवढे पुसायला बसलो. छापील शाई, पुसली कसली जाते! शेवटी पांढऱ्या खडूनं झाकले. “रंग कुणालाच माहीत नाही,” मी सांगितलं. दोघांना खरं वाटेना. मग त्यांनी डबाच उपडा केला. तिनं तुऱ्याला हळदीकुंकवाचे पट्टे ओढले. त्यानं एक पंख गर्द जांभळा रंगवला आणि दुसरा फिकट, जवळजवळ गुलाबी.

“अरे, दोन्ही पंख सारखे असतात,” मी बोलून गेलोच.

“सारखेच आहेत की, आजोबा,” तो मान वर न करता म्हणाला. “ह्या पंखावर ऊन आलंय.”

मी डब्यातला पिवळा शोधून त्याच्या हातात दिला.