लादी

खाण्याच्या पदार्थांचे लोकांनी गोड-तिखट, ओले-सुके असे पुष्कळ वर्ग पाडले आहेत. मला विचाराल तर खरे वर्ग दोनच: कापून खायचे आणि तोडून खायचे. वडी सुरीने कापतात, केकही सुरीने कापतात. आणि सुरी हाती आली की भला माणूसही हिशेबी होतो. कोणाचा तुकडा मोठा आणि कोणाचा लहान, याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. भाकरी, पोळी, पाव यांचे तसे नाही. तिथे हात पुढे होतो, आणि हाताला भूमितीचे काही सोयरसुतक नसते.

म्हणूनच गेली दोन वर्षे मी घरी जी गोड पावाची लादी भाजते, तिच्याजवळ सुरी येऊ देत नाही.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे पदार्थ शिजण्याआधी मला त्याचा शब्द उकरावासा वाटतो. 'पाव' हा शब्द कुठून आला, असे वर्गात विचारले की एक विद्यार्थी हटकून सांगतो, चार मिळून एक होतो म्हणून पाव. दुसरा सांगतो, पीठ पायाने मळत म्हणून पाव. दोन्ही व्युत्पत्ती मोठ्या मजेदार आणि दोन्ही खोट्या! हा शब्द चावी, साबण, पगार आणि बटाटा यांच्याबरोबर पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरला. १५४३ मध्ये तेच पोर्तुगीज जपानला पोचले, म्हणून जपानी माणूसही आज पावाला 'पान' म्हणतो. एकमेकांना चिकटलेले गोळे भाजून हाताने तोडून खायची लादी त्यांच्याकडेही आहे. तिचे नाव 'चिगिरी पान', म्हणजे तोडायचा पाव. आमच्यासारखाच विचार त्यांनीही केला, याचे मला फार बरे वाटले.

आज आपण चहात बुडवून निर्धास्तपणे खातो तो पाव एके काळी मोठ्या धाडसाचा पदार्थ होता, हे नव्या पिढीला खरे वाटणार नाही. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणारी ही मंडळी गुप्तपणे जमत, आणि सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. या सभेचे अध्वर्यू होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. ज्यांच्या १८३६ च्या व्याकरणाचे नाव घेतल्यावाचून आमचा अभ्यासक्रम पुढे सरकत नाही, तेच हे दादोबा. व्याकरणाचे नियम घालून देणाऱ्या माणसाने पंक्तीचे नियम मोडावेत, आणि तेही पावाच्या एका तुकड्याने!

पण मी तुम्हाला माझ्या लादीविषयी सांगत होते. तिला साहित्य फार लागत नाही. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम कोरडे यीस्ट, पाऊण वाटीला थोडी कमी साखर, साठ ग्रॅम लोणी, चमचाभर मीठ आणि पावणेतीनशे ते तीनशे मिलिलिटर कोमट दूध. दूध कोमटच हवे. कढत दुधात यीस्ट मरते. गार दुधात ते जागे व्हायला आळस करते. पीठ पंधरा मिनिटे तिंबायचे, इतके की चिमटीत धरून ताणले तर फाटण्याआधी पातळ पडद्यासारखे पसरावे. मग वर ओला पंचा टाकून आपण आपल्या कामाला लागायचे. साखर आणि लोणी जास्त असल्यामुळे हे पीठ साध्या पावापेक्षा सावकाश फुगते. त्याला घाई चालत नाही. दुप्पट झाले की सोळा उंडे करून चौकोनी टिनात चार-चारच्या चार ओळींत मांडायचे. मांडताना उंड्यांत बोटभर अंतर असते. तासाभराने पाहावे तो ते फुगून एकमेकांना टेकलेले असतात. वरून दुधाचा हात फिरवून १८० अंशांवर पंचवीस मिनिटे भाजले की झाले.

आता गंमत पाहा. लादीतल्या पावाची जी बाजू बाहेर असते ती खरपूस होते, आणि जी शेजाऱ्याला टेकलेली असते ती पांढरी, लुसलुशीत राहते. कोपऱ्यातल्या चौघांना दोन दोन बाजू टणक; मधल्या चौघांना एकही नाही. एकत्र घरात वाढलेली माणसे आणि एकटी वाढलेली माणसे यांत मला असाच फरक दिसतो. कोणती चांगली, हे मात्र मी सांगणार नाही. खरपूस कडेचेही शौकीन असतात.

आमचे घर असेच एका टिनातले होते. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, मुले, आम्ही दोघे. २०२२ मध्ये जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली आणि दोन मजल्यांवर दोन चुली झाल्या. भांडण झालेच नाही असे कसे म्हणू? भांड्यांची वाटणी करताना सासूबाईंच्या मोठ्या पितळी परातीवरून शब्दाला शब्द लागला. परात वर गेली, आणि पुढे कित्येक दिवस जिन्यावरून ये-जा फक्त मुलांचीच होती.

अर्धा किलो मैदा तिंबायला माझी थाळी पुरेना, तेव्हा मी लेकीला वर पाठवले. "काकूला म्हणावं, परात दोन तास हवीय." परात आली ती जाऊबाईंच्याच हातात. पदर खोचून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुझ्या हाताला जोर कुठाय?" पीठ त्यांनीच तिंबले. लादी ओव्हनमधून निघाल्यावर मुले तुटून पडली, तशा त्या ओरडल्या, "थांबा रे! निवू द्या. गरम तोडली तर फाटेल. निवली की आपोआप सुटते."

त्या पावाबद्दलच बोलत होत्या. मी मात्र त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांनी परातीकडे. त्यावर आम्ही दोघी आजतागायत काही बोललेलो नाही.

तापलेली लादी तोडली तर आतला मऊ भाग चिकटून येतो आणि दोन्ही पाव विद्रूप होतात. थोडा धीर धरला तर तोच जोड सहज सुटतो, आणि सुटलेल्या जागी तोच मऊपणा शिल्लक असतो. घरे वेगळी व्हायचीच. मुले परगावी जायची, जिने वाढायचे. तोडू नका असे सांगण्यात अर्थ नाही. केव्हा तोडायचे, एवढेच हातात असते.

परात आता दोन्ही घरांत फिरते. यंदाच्या फराळात चकली आणि चिरोट्यांच्या शेजारी आमची लादी असेल. मधले चार पाव कोणी घ्यायचे, हा वाद तेवढा अजून मिटलेला नाही. सासूबाईंनी त्यांतला एक आत्ताच राखून ठेवायला सांगितला आहे.