बहूबाजारहून पत्रं

बहूबाजार, कलकत्ता
शुक्रवार, ११ जुलै १९९७

ती. बाबा,


सुखरूप पोचलो. गीतांजली एक्स्प्रेसला गर्दी होती, पण जागा चांगली मिळाली. अण्णा स्वतः हावडा स्टेशनवर न्यायला आले होते. मुक्काम त्यांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानावरच्या माळ्यावर आहे. खाली भट्टी, वर आम्ही. विटा, आटपाडीकडची आणखी तीन पोरं इथंच राहतात, त्यामुळं भाकरी आणि ठेचा चुकलेला नाही, असं आईला सांगा.

पण कलकत्त्याबद्दल लिहायला बसलो की दुसरं काही सुचत नाही. परवा रविवारी सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर फुटबॉलच्या फेडरेशन कपची उपांत्य फेरी आहे, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. अण्णांच्या दुकानात सोनार मंडळी जुने दागिने आणि कामातली धूळ गाळून घ्यायला येतात. मूस तापेपर्यंत बाकावर बसावं लागतं. एरवी तिथं सोन्याच्या भावाची चर्चा असते म्हणे. या आठवड्यात भाव कुणी विचारतच नाही. माणूस आत येतो, पुडी अण्णांच्या हातात देतो आणि बाकावर बसलेल्याला विचारतो, 'की होबे?' काय होणार? पुढचा अर्धा तास त्याचं उत्तर चालतं.

आमच्या शेजारच्या गाळ्यातले सोनारबाबू मूळचे हुगळीचे. घराण्यात तीन पिढ्या मोहन बागान. अशा इथल्या मूळच्या लोकांना घोटी म्हणतात. ते ठामपणे सांगतात, पाच-शून्य. तीन नाही, चार नाही, पाचच. मी कारण विचारलं तर क्षणभर गप्प झाले. मग अण्णांनी मराठीत समजावलं. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानला पाच-शून्य हरवलं होतं. बावीस वर्षं झाली. त्या रात्री मोहन बागानच्या एका तरुण चाहत्यानं जीव दिला. पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन याची भरपाई करीन, असं चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं. सोनारबाबू तेव्हा विशीत होते. त्यांच्या पाच या आकड्यामागं हे सगळं आहे. सामन्याचा अंदाज म्हणून तो ऐकायचाच नाही, हे मला आता कळलंय.

घरमालक आजोबा ईस्ट बंगालचे. ढाक्याजवळच्या विक्रमपूरचे. फाळणीनंतर आईवडिलांबरोबर सियालदा स्टेशनवर उतरले तेव्हा शाळकरी पोर होते. पूर्वेकडून आलेल्या या लोकांना बांगाल म्हणतात. त्यांनी मात्र अजून एकही आकडा तोंडातून काढलेला नाही. विचारलं की हात जोडतात आणि वर बघतात.

तुमचा फुटबॉलचा सराव अजून सकाळी असतो का? गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक

*

शनिवार, १२ जुलै, रात्री

ती. बाबा,

आज दिवसभर मैदानात होतो. धर्मतळ्याला ट्राम सोडली की पुढं सगळं हिरवंगार पसरलेलं. त्यातच क्लबांचे तंबू आहेत. तंबू हे फक्त नाव, प्रत्यक्षात बैठ्या इमारती, समोर हिरवळ, आत चहा-टोस्टचं कॅन्टीन. मोहन बागानचा हिरवा-मरून झेंडा, त्यांच्या चिन्हावर शिडाची नाव. ईस्ट बंगाल लाल-सोनेरी, चिन्ह मशाल. दोन्हीकडं माणसांचा नुसता पूर. तिकिटं संपलेली, तरी लोक हलत नाहीत. कुणी तरी आतून येईल, एखादा शब्द सांगेल, एवढ्यासाठी उभे. अमक्याचा पाय दुखतोय, तमका आज सरावाला नव्हता, अशी एक बातमी आली की रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेहरे बदलत जातात.

एका म्हाताऱ्या सभासदांनी मला मोहन बागानची १९११ ची गोष्ट सांगितली. तुम्हीही ती लहानपणी सांगायचा, पण इथं उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला. २९ जुलै, आयएफए शील्डचा अंतिम सामना, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. आपले अकरापैकी दहा अनवाणी. एक गोल मागे पडून शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी दोन-एक असा सामना जिंकला. मागं उभ्या असलेल्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून गोलांचा आकडा लिहून पतंग उडवले होते. मोहन बागान १८८९ चा क्लब. ईस्ट बंगाल नंतरचा, १ ऑगस्ट १९२० चा. सैलेश बोस नावाच्या पूर्वेकडच्या खेळाडूला संघातून वगळलं, त्या रागातून तो जन्मला. पुढं फाळणी झाली, लाखो माणसं घरदार सोडून आली, आणि या शहरात आपलं म्हणून बोट दाखवता येईल असं त्यांना पहिल्यांदा जे मिळालं ते हा क्लब. म्हणून म्हणतो, घरमालक आजोबांचे जोडलेले हात देवभोळेपणाचे नाहीत. एकदा सगळं गमावलेल्या माणसाला 'जिंकू' हा शब्द सहज उच्चारता येत नाही.

आता खेळाचं लिहितो, तुम्ही त्याचीच वाट बघत असाल.

मोहन बागानला शिकवतात अमल दत्त. स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचे धडे घेतलेला माणूस. प्रोजेक्टर घेऊन बंगालच्या गावोगावी फुटबॉलच्या फिल्म दाखवत हिंडलेला. त्यांनी यंदा 'डायमंड' पद्धत आणली आहे. मागे माणसं कमी, मधल्या फळीचे चौघे हिऱ्याच्या चार टोकांसारखे, आणि सगळा भर चढाईवर. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला त्यांनी सहा-शून्य उडवलं. पुढं चीमा ओकोरी आहे. चेंडू घेऊन वळला की बचावपटू अंगावर घेऊन पळतो, असं त्याच्याविषयी सांगतात. सहा गोल बघितल्यापासून घोटी मंडळींना झोप नाही, पण ती आनंदाची. सबंध शहर 'डायमंड, डायमंड' करतंय. फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेला पानवालासुद्धा कागदावर टिंबं काढून मला ती पद्धत समजावून देत होता.

समोर ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी. रोम ऑलिंपिकमधले भारताचे कर्णधार, जकार्ताच्या १९६२ च्या सुवर्णपदकवाल्या संघातले. यांचं हत्यार म्हणजे बोलणं. सामन्याआधी खोलीत खेळाडूंशी असं बोलतात की पोरं पेटून बाहेर पडतात. त्याला इथं 'व्होकल टॉनिक' म्हणतात. पंच्याहत्तरच्या त्या पाच-शून्यच्या वेळी हेच ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते. या दोघांनीही दोन्ही क्लबांना कधी ना कधी शिकवलंय, त्यामुळं एकमेकांची मर्मं दोघांनाही ठाऊक.

पण यंदा सामन्याआधी जास्त बोलले ते अमलबाबू. ईस्ट बंगालच्या खेळाडूंना त्यांनी नावं ठेवली. भायचुंगला 'चुंगचुंग', सोसोला 'शोशा' म्हणजे काकडी, केनियाच्या ओमोलोला 'ऑमलेट'. वर्तमानपत्रांनी ती मोठ्या अक्षरांत छापली. मोहन बागानवाले खूश झाले. मला मात्र ते आवडलं नाही, आणि नुसतं वाईट दिसतं म्हणून नव्हे. भायचुंग विशीतला पोरगा, सिक्कीमच्या तिनकिताम गावचा. नुकताच जेसीटीकडून पहिली राष्ट्रीय लीग जिंकून, तिथं सर्वांत जास्त गोल करून ईस्ट बंगालला परत आलाय. अशा पोराला डिवचलं की पीकेंना वेगळं टॉनिक पाजावं लागत नाही. तुम्हीच सांगायचा ना, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उतरण्याआधी समोरच्या पेठेतलं कुणी काही बोललं की तुमच्या तालमीचा संघ दुप्पट पळायचा.

संध्याकाळी अण्णांबरोबर बैठकखाना बाजारात गेलो. ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे आपली कोळंबी, अशी इथली रीत. मासेवाल्यालाही अंदाज बांधावा लागतो, कारण सोमवारी काय खपणार ते उद्याच्या निकालावर. आमच्या ओळखीच्या मासेवाल्यानं दोन्ही मागवलेत. स्वतः कुणाचा, ते सांगायला तयार नाही.

आपला आज्ञाधारक

*

रविवार, १३ जुलै, सकाळी

ती. बाबा,

हे पत्र घाईत लिहितोय. दुपारी निघायचंय, पण पहाटेपासून गल्लीत कुणी झोपलेलं नाही. लॉऱ्या भरून पोरं चाललीत, बांबूला झेंडे बांधलेले, मशाली पेटवायची तयारी चाललेली. सोनारबाबूंनी काल जेवण टाकलं. पाचचा आकडा काल रात्री तीनवर आला होता, आज सकाळी म्हणाले, 'एका गोलानं जिंकलो तरी पुरे.' परवा ज्या आवाजात पाच म्हणाले होते तो आवाज आज नव्हता. आकडा जसजसा उतरतो तसा माणूस खरं बोलायला लागतो, असं मला वाटलं. सामना जवळ येतो तसं सगळ्यांचंच असं होत असावं.

घरमालक आजोबा ठरलेल्या खुर्चीत, ठरलेल्या बाजूला तोंड करून बसलेत. सामना बघायला येणार नाहीत. त्यांची सून सांगत होती, सामना संपेपर्यंत या खुर्चीतून उठायचं नाही, चहासुद्धा कुणी विचारायचा नाही. रेडिओ शेजारच्या खोलीत ठेवायचा, आवाज ऐकू आला पाहिजे पण शब्द नकोत. गर्दीच्या आवाजावरून त्यांना कळतं म्हणे. मला हे बघून तुमची आठवण आली. अंतिम सामन्याच्या दिवशी तुम्हीही घरात कुणाशी बोलायचा नाही, आणि आई आम्हाला अंगणात पिटाळायची.

आईला काळजी वाटत असेल तर सांगा की आम्ही गर्दी फुटण्याआधी बाहेर पडू. अण्णा सामन्याच्या दिवशी फार जपतात. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन सोळा माणसं गेली. दर वर्षी त्या तारखेला इथं रक्तदान होतं. अण्णाही जातात. आज निघताना त्यांनी आम्हा चौघांना बजावलं, झेंडा कुणाचाही घ्या, पण हातात हात असू द्या.

आता माझं भाकीत. ईस्ट बंगाल, दोन-एक. कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मागाहून सुचलं असं कुणी म्हणणार नाही. डायमंडमध्ये बागानची माणसं वर गेली की मागं फार मोठी जागा रिकामी राहते. चर्चिलला ती वापरता आली नाही, कारण त्यांच्याकडं चेंडूच आला नाही. ईस्ट बंगालला नुसते दोन-तीन लांब पास नीट पडले तरी भायचुंग त्या जागेत पळेल, आणि तिथं त्याला गाठणं सोपं नाही. बागान एक गोल नक्की करेल, चीमा आहे तोवर. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, हे सारखं डोक्यात येतंय. अण्णा म्हणतात, बरोबरी आणि पेनल्टी. अण्णा सोन्यातही कधी एका बाजूला झुकत नाहीत.

निघतो.

आपला आज्ञाधारक

*

सोमवार, १४ जुलै

ती. बाबा,

ईस्ट बंगाल चार, मोहन बागान एक. पहिला गोल नझीमुल हकनं केला, उरलेले तिन्ही भायचुंगचे. बागानचा एक चीमाचा. सगळे हात धरून वेळेवर बाहेर पडलो, सुखरूप आहोत.

एक लाख एकतीस हजार माणसं होती. एवढी माणसं एका जागी श्वास रोखतात तेव्हा काय होतं, ते मला लिहिता येत नाही. खेळ सुरू होण्याआधीची काही मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही, गोल त्याच्या मानानं कमीच लक्षात राहतील. माझ्या डाव्या हाताला बसलेला बागानचा माणूस सबंध वेळ ओठ हलवत होता. शिट्टी झाली तेव्हा थांबला.

सोनारबाबूंनी आज दुकान उघडलं. सकाळी पुडी घेऊन अण्णांकडं आले, बाकावर बसले, अवाक्षर बोलले नाहीत. घरमालक आजोबा खाली उतरले. मला वाटलं, आता काही तरी टोमणा मारतील. त्यांनी शेजारी बसून आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून त्यांच्यापुढं सरकवला, आणि दोघं १९७७ च्या सप्टेंबरबद्दल बोलत बसले. पेले कॉसमॉसकडून मोहन बागानविरुद्ध ईडनवर खेळायला आला होता, दोन-दोन बरोबरी. त्या दिवशी दोघंही मैदानात होते.

माझं मत विचाराल तर अमल दत्तांनी बोलायला नको होतं. त्या नावांनी त्यांच्याच संघाचं नुकसान केलं. पण म्हणून डायमंड वाईट ठरत नाही. आपल्याकडं सगळे संघ मागं माणसं कोंबून खेळतात, त्यात हा एक माणूस सगळ्यांना पुढं पाठवतो. चार गोल खाऊनही त्यानं ते सोडू नये. तुमच्या तालमीनं असं एकदा खेळून बघावं, असं मंडळींना सांगा.

कलकत्ता लीगमध्ये हे दोघे याच मोसमात पुन्हा भेटणार आहेत. बाबा, तेव्हा तुम्ही इथं या. गुडघ्याचं कारण सांगू नका, अण्णा स्टेशनवर येतील आणि माळ्याचा जिना फक्त अकरा पायऱ्यांचा आहे. तारीख कळली की लगेच तार करतो.

आपला आज्ञाधारक